चौथी पायरी

फेरीबोट दिवाडीला लागली तेव्हा
बाबांनी शर्टाचं वरचं बटण लावलं,
लग्नघरी शिरताना लावतात तसं.

घर शोधावं लागलं नाही.
वळणावरच रांग होती:
नव्या चुड्याच्या मुली, त्यांचे कंटाळलेले नवरे,
आणि एक पोरगा, पन्नास रुपयांत
नायिकेची पिवळी छत्री भाड्याने देणारा.
छत्रीच्या दोन काड्या मोडलेल्या.
फोटोत दिसत नाही, म्हणाला.

निळी भिंत, शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी,
लाल कोब्याचा जिना.
मोजून नऊ पायऱ्या.
मला वाटलं होतं, खूप असतील.
सिनेमात ती उतरत राहते, उतरत राहते,
निम्मं गाणं संपलं तरी खाली पोचत नाही.

घरमालकीण आर्मिंदा
गेटाच्या साखळीशी खुर्ची टाकून बसलेली.
"हा निळा सिनेमावाल्यांचा.
माझ्या घोवाला कधीच आवडला नाही.
तो गेल्यावर एकदा पांढरा काढून पाहिला,
तर लोक दारात येऊन भांडले,
म्हणाले, हे ते घर नव्हेच."
आता दर दिवाळीआधी निळाच लावते.

बाबा ऐकत नव्हते.
बोटांच्या पेरांवर पायऱ्या मोजत होते.

कडेगावच्या लक्ष्मीविलास टॉकीजमध्ये
हा जिना त्यांनी एकशे बारा खेळ पाहिला,
वीतभर काचेतून,
एक डोळा कार्बनच्या कांडीवर ठेवून.
मशीनच्या खडखडाटात
गाणं नीट ऐकू आलंच नाही कधी.

तिसऱ्या आठवड्यात, रविवारी, रात्रीच्या खेळाला
रीळ अडकलं.
पडद्यावर तिच्या घोट्यापाशी तपकिरी फोड आला
आणि पसरला.
खाली शिट्ट्या, शिव्या. कुणीतरी चप्पल फेकली.
बाबांनी जळलेलं कापलं,
ब्लेडने कडा खरवडल्या, सिमेंट लावलं,
अंगठ्याने दाबून धरलं, वीस आकडे होईपर्यंत.
एकोणीस चौकटी गेल्या.
पुरता एक सेकंदसुद्धा नाही.

पण त्यानंतर आमच्या गावात ती
तिसऱ्या पायरीवरून थेट पाचवीवर यायची,
आणि पोरं नेमकी तिथेच टाळ्या पिटायची.
शाळेच्या गॅदरिंगला नाच बसला
तर पोरी तिथे टुणकन उडी मारायच्या.
सगळ्या गावाला वाटे, नाच तसाच आहे.
मीही मारली होती. पाचवी ब, उसनी ओढणी.
बाबा पहिल्या रांगेत होते,
खाली बघत.

हे सगळं त्यांनी आज सांगितलं,
फेरीवर, माझ्याकडे पाठ करून,
मांडवीला सांगितल्यासारखं.

आमचा नंबर आला.
छत्री नको म्हणाले.
वर गेले, वळले,
कठड्याला धरून उतरू लागले.
एक. दोन. तीन.
आणि थांबले.
मागची मुलगी म्हणाली, अंकल, जरा लवकर.

चौथ्या पायरीचा एक कोपरा उडालेला,
सिमेंटने बुजवलेला, ओबडधोबड.
सिनेमाआधीचा की नंतरचा, कोण जाणे.
खालून आर्मिंदा ओरडली,
"सांबाळात, निसरतले!"
बाबांनी चपला काढून हातात घेतल्या.
एक अनवाणी पाऊल ठेवलं,
मग दुसरं शेजारी आणलं.
उभे राहिले.
मला वाटतं, वीस आकडे.

फोटो हललाय.
परतताना दाखवला तर म्हणाले, असू दे.
मग बऱ्याच वेळाने,
खारफुटी मागे सरकत असताना,
कुणी विचारलं नव्हतं तरी,
"गार आहे गं.
बाकीच्यांपेक्षा."