तपासनीस

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं
माझं काम एवढंच: छापलेलं अडवणं.
समोर नोटांचे ताव, अंगठ्याला रबरी टोपी.
शाई फाकलेली, आकडा सरकलेला दिसला
की कोपऱ्यात लाल पेन्सिल,
मग त्या तावाने बाजार बघितला नाही.
शेजारच्या टेबलावर मेहरुन्निसा. ती म्हणायची,
आपण बनवत काही नाही गं इंदू,
आपण फक्त नाही म्हणतो.

आता मुंबई नाक्याच्या दवाखान्यात
डॉक्टर आहिरराव, माझ्या धाकटीपेक्षाही लहान,
रिपोर्टच्या पाठीवर चित्र काढतेय.
पेशीच्या तिजोरीत मूळ ठसा असतो, आजी,
तो बाहेर येत नाही, त्याच्या नकला येतात,
नक्कल वाचून पेशी कामाला लागते.
आणि नकलांवर नजर ठेवायला मायक्रोआरएनए,
इवलेसे, बावीसेक अक्षरांचे.
नको त्या निरोपाच्या शेपटाला चिकटतात
आणि वाचूच देत नाहीत.

कसला निरोप?
वाढ. वाढत राहा. थांबू नकोस.
तुमच्या गाठीत हे अडवणारा एक जण
जवळजवळ उरलेलाच नाही.

म्हणजे खुर्ची रिकामी.
मशीन चालू, तावावर ताव येताहेत,
आणि लाल पेन्सिल टेबलावर तशीच.

बदली माणूस नाही मिळत? मी विचारलं.
ती हसली नाही, हे बरं वाटलं.
बाहेरून सोडून बघितलेत, म्हणाली,
शरीरच चवताळलं, प्रयोग थांबवावा लागला.
शोध चालू आहे. तोवर केमो, सोमवारपासून.

सिटीलिंकची बस द्वारकेला अडकली तेव्हा
मी बोटांच्या पेरांवर अक्षरं मोजली.
इंदुमती सखाराम गांगुर्डे: अकरा.
दोनदा म्हटलं की बावीस.
एवढ्याशा चिठोऱ्यावर
माझी साठ वर्षं सुखरूप चालली होती.
मी सातच्या भोंग्याला गेटवर झडती देत होते,
डबा खात होते, बाळंत होत होते,
आणि आत कुणीतरी, न दमता,
नाही म्हणत होतं.
पगार नाही, पाळी बदलत नाही,
निरोपसमारंभही झाला नाही त्याचा.

बिटकोच्या अलीकडे कंडक्टरने सुटे दिले.
दहाची नोट. सवयीने खिडकीच्या उजेडात धरली,
कडा बघितल्या, आकडा बघितला.
मागची बाई म्हणाली, खोटी आहे का हो?
नाही, म्हटलं, बरोबर आहे.
पण बघावं लागतं.