कुंड्या परत न्यायचे दिवस

उत्तरा सरत आल्या. हस्त काय करतोय ते बघून घेऊ.
गच्चीवरच्या काचघराला आतून शेवाळ धरलंय.
काच कुठली! दोनशे मायक्रॉनचं प्लास्टिक, एक इंची पाइप,
पण बायको पहिल्या दिवशी काचघर म्हणाली
आणि तेच राहिलं.
सकाळचं ऊन आत उतरतं
विहिरीच्या तळाला पोचल्यासारखं, हिरवट, दमलेलं.

नारळाची शेंडी, धुण्याचा सोडा, अर्धी बादली कोमट पाणी.
घासायचं वरून खाली, असं ती ओरडते जिन्यातून.
चाळीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस मी,
गोल फिरवल्याशिवाय हाताला काम वाटत नाही.
प्लास्टिकभर चक्रं उमटतात,
एका चक्रात शेजारची टाकी दिसते,
एकात वाळत घातलेली चादर,
आणि पुसून पुसून एकात जोतिबाचा डोंगर.

दस्तगीर येऊन सांधे बघून गेला.
त्यानंच जोडलेले, उद्यमनगरात, जेवणाच्या सुट्टीत.
पूर्वेच्या पायाला गंज. नखानं खरवडून
"आजून दोन पावसाळे काढंल," म्हणाला,
मग स्वतःचा गुडघा चोळत जिना उतरला.

गोगलगाई सतरा. वाणी मोजले नाहीत.
कारखान्याची मळी दोन पोती, चाळून,
निंबोळी पेंड, कुजलेलं पाचट.
ऑक्टोबरचं ऊन यायच्या आत वर हिरवी जाळी ताणायची,
शेवंतीच्या कळ्यांना सांगायचं, दसऱ्याला अजून वेळ आहे, दमानं.
शेजारच्या पोरी घटासाठी माती मागायला येतील,
त्यांच्यापुरतं एक घमेलं बाजूला.

आणि त्या कुंड्या.
ऑगस्टात जामदार क्लबपाशी पाणी चढलं
तेव्हा माणसं शाळेत गेली, म्हशी हायवेला,
आणि कुंड्या माझ्याकडं.
रिक्षातून, डोक्यावरून, एक तर
स्कूटरवर दोन पायांच्या मधे, तान्ह्या पोरासारखी.
तेवीस. प्रत्येकीवर ऑइल पेंटनं नाव घातलं:
सणगर. बुरुड. पाटणकर मास्तर.
एका डब्यावर नुसतं 'दुधाळी', कारण
बाई घाईत होती आणि मी विचारलं नाही.

आता एकेक येऊन नेतायत.
सणगरांनी अबोली नेली, जाताना
खाली ठेवलेल्या चपलाही बदलून नेल्या.
मास्तरांचं कोरफड वाढलं नाही, मेलंही नाही,
मास्तर म्हणाले, बरोबर आहे, माझंच आहे.

दुधाळीची बाई काल आली.
कढीपत्ता बघून म्हणाली, "ह्यो न्हवं मामा.
माझा एवढासा हुता." हात गुडघ्याशी.
झाड तिच्या खांद्याला लागत होतं.
मी डबा दाखवला: डिस्टेंपरचा, कड चेपलेली,
बाहेरून ओघळलेला गुलाबी रंग.

ती खाली बसली.
पानांकडं बघितलंच नाही. ओघळावर बोट ठेवलं.
"भिंतीचा रंग सगळा गेला बगा," म्हणाली,
"दुकानदार इचारतोय कुठला गुलाबी,
आनि मला सांगता येईना."

मग आम्ही दोघांनी मिळून झाड उपसलं.
मुळं डब्याच्याच आकाराची, घट्ट, गोल.
ती मोठ्या कुंडीत बसवली, वर दोन ओंजळी मळी.
तिनं डबा नळाखाली धुतला, आतून, बाहेरून मात्र नाही,
पदरात धरला.
"झाड ऱ्हाऊ दे हितंच. दिवाळी झाल्यावर नेतो."

जिन्यात तिचा पाय वाजेनासा झाला
तेव्हा मी ब्रश रॉकेलमधनं काढला,
नव्या कुंडीपुढं उकिडवा बसलो,
आणि लक्षात आलं,
नाव याही वेळी विचारलं नाही.