चौथी पातळी

गुरुवारी रात्री साडेदहाला
रेडिओवर खेळ लागायचा.
लागायचा म्हणजे ऐकू यायचा:
सहा मिनिटांची सलग किंकाळी,
ओल्या काचेवरून कुणी पत्रा ओढतंय अशी.
ती आम्ही कॅसेटवर धरायचो, माईक रेडिओच्या तोंडाशी,
लेशेक दाराशी पहाऱ्याला,
आणि घरात कुणी शिंकायचं नाही.
ग्दान्स्कमधली आमची इमारत एवढी लांब
की तिच्या एका अंगाला बसचे तीन थांबे.
तेवढ्या सगळ्या इमारतीनं सहा मिनिटं गप्प राहावं,
एवढीच आमची अपेक्षा.

पाणबुड्याचा खेळ होता.
काळं पाणी, चार पिवळे ठिपके. ते अंबर.
जीव तीन. चौथा मागायची सोय नव्हती.
पहिली पातळी, दुसरी, तिसरी,
आणि तिसरीच्या तळाशी पडदा गोठायचा,
पाणबुड्या अर्धा पाण्यात,
अर्धा कसल्याशा चौकोनी कचऱ्यात.
कारण किंकाळीच्या पाचव्या मिनिटाला
आई मासळीच्या कारखान्यातून दुसरी पाळी करून आली होती
आणि म्हणाली होती,
"सूप तसंच? अगं इव्होना, निवलं की!"

मी दोन आठवडे बोलले नाही तिच्याशी.
लेशेक तीन.

शाळेत मी ठोकून दिलं की मी चौथी पाहिलीय.
तिथं देवमासा आहे, त्याच्या पोटात जिना.
पुढच्या सोमवारपर्यंत
वर्गातली तिघं तो जिना उतरून आली होती.

आता एक्कावन्नाव्या वर्षी, ट्रामच्या डेपोतून आल्यावर,
पोरगा झोपला की मी खेळते.
परवा तीन तास बर्फातून नुसता घोडा चालवला.
काही घडलं नाही.
घोड्याच्या नाकातून वाफ येत होती,
आणि मला रडू आलं, का ते ठाऊक नाही.
त्या चार ठिपक्यांनी असं कधी केलं नव्हतं.
म्हणून जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांच्या पंगतीला मी बसत नाही.
जुनं बरंचसं पितळ होतं,
आणि नियम एकच: मरा, आणि पहिल्यापासून परत मरा.

पण हे नवे फार लाड करतात बाई.
दोनदा पडलं की विचारतात, सोपं करू का?
एक दिवस फिरकलं नाही तर निरोप, तुमची आठवण येते,
सोबत एक टोपी, साडेनऊ झ्लॉटींना.
संपत तर नाहीतच.
नव्वद गिगाबाइटचं ठिगळ उतरेपर्यंत
माझा चहा निवतो.

मागच्या हिवाळ्यात काएतानला ती कॅसेट सापडली.
म्हणाला, आई, हे दुरुस्त होतंय.
कुणा चेक माणसाकडे हाच खेळ धड आहे,
त्यातले आठ सेकंद इथं जोडायचे,
मधला तो आवाज काढायचा.
कुठला आवाज, मी विचारलं. उगाच.

रविवारी खेळ चालला.
अडतीस वर्षांनी तिसरीचा तळ ओलांडला.
चौथी तिसरीसारखीच होती.
पाणी हिरवं. ठिपके सहा.
लेशेकला बर्गेनला फोन लावला.
तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला,
हिरवं?
हिरवं, मी म्हटलं.

कापलेला तुकडा काएताननं टाकला नव्हता.
त्याची वेगळी फाइल केली होती, नाव दिलं होतं 'बिघाड'.
आठ सेकंद. किंकाळी, किंकाळीतून दार,
पिशवी खाली ठेवल्याचा धप्प, मग ती.
तिचा आवाज असलेलं
आमच्याकडे दुसरं काही नाही.

नाव बदलू का, त्यानं विचारलं.
राहू दे, म्हटलं. बिघाडच होता तो.

लेशेकला पाठवलीय.
निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही.
तीन आठवडे वाट बघीन.