सोळा दुकानं

चार पोरांची तिकिटं निघाली.
पाचवी, राखीव, श्रेजल बावणे;
तिच्यासाठी मी इतवारीत, पावतीपुस्तक घेऊन.
हळदीचे व्यापारी मोटघरे म्हणाले,
"बसूनच राहणार, तर नेता काऊन?"

तिनं पिशवीतला पट
पोत्यावर अंथरला.
कूलरच्या वाऱ्यानं कोपरे उडत होते;
एकावर तिनं किलोचं वजन ठेवलं,
दुसऱ्यावर माझा मोबाइल.
हमाल वाकून बघू लागले.

तिसाव्या चालीला तिनं बरोबरी देऊ केली.
मोटघरेंनी मान पुसली,
दोन हजार लिहिले, पुढं "फक्त".

बाहेर उन्हात मी भडकलो,
"अगं, अख्खा हत्ती जास्त होता तुझा!"

"दिसत होतं त्यांनाही,"
कोरी पानं मोजत ती म्हणाली.
"चला सर. सोळा दुकानं राहिली."