एक पूर्ण मिनिट

आई शेळ्या मोजायची ती बोटांनी नाही.
संध्याकाळी कळप परतला की
ओठ मिटून नुसती बघायची आणि म्हणायची,
"ती एका कानाची मागे राहिली."
मी आकड्यांवर भिस्त ठेवणारी,
सोमच्या शाळेत गणितात पहिली,
म्हणून झावखानहून उलानबातरला
डॉक्टर व्हायला धाडलेली.

पहिल्या वर्षी हाडं.
दोनशे सहा, लॅटिन नावांसकट,
सगळी मोठ्या माणसांची.
नुकत्या जन्मलेल्या बाळात ती
तीनशेच्या घरात असतात,
आणि वाढायचं म्हणजे काहींनी
एकमेकांत मुकाट मिसळून जायचं,
हे मला चौथ्या वर्षी कळलं,
रात्री साडेतीनला, वसतिगृहाच्या जिन्यात,
दुसरंच काहीतरी वाचताना.

मग बालविभाग. जानेवारी.
बाहेर उणे अडतीस, शहरावर कोळशाचा धूर,
एका खाटेवर दोन दोन मुलं,
उरलेली कॉरिडॉरमध्ये, आयांच्या मांडीवर.
डॉक्टर इचिनखोर्लोंनी माझा स्टेथोस्कोप
गळ्यातून काढून स्वतःच्या खिशात टाकला.
"आधी बघ. झोपलेल्याला उठवू नकोस.
पोट वर येतं, ते मोज."
मी पंधरा सेकंद मोजले, चारनं गुणले.
रांगेत अजून एकोणीस मुलं होती.
"बाळाचा श्वास," बाई म्हणाल्या,
"चारच्या पाढ्यात बसत नाही.
तो धावतो, अडखळतो, मध्येच विसरतो.
पूर्ण मिनिट."

तेवढ्यात नर्स दोनदा हाक मारून जायची.
दोन महिन्यांच्या आत साठ,
वर्षाच्या आत पन्नास, त्यापुढे चाळीस:
याच्या वर गेला की घाबर,
पण चेहऱ्यावर दिसू देऊ नकोस.

शीर सापडायला मला अकरा आठवडे लागले.
एका आजोबांनी सुईसकट हात धरला,
"पोरी, आधी घरच्या कुणावर शिकून ये."
शिकले. आधी संत्र्याच्या सालीवर,
मग खोलीतल्या गुन्देगमावर,
आणि ती माझ्यावर.
त्या उन्हाळ्यात दोघी पूर्ण बाह्यांचे कपडे घालून
आपापल्या घरी गेलो.

पुढच्या मार्चमध्ये एनेबिश आला, सात महिन्यांचा.
नावाचा अर्थ 'हा नव्हे'.
आधीची दोन गेलेली, म्हणून
नेणाऱ्याला चकवायला ठेवलेलं नाव.
कागदावरच्या चौकोनात मी ते लिहिलं,
खाली आकडा: बहात्तर.
पहाटे चव्वेचाळीस. मी खूश झाले.
बाईंनी त्याच्याकडे बघितलं
आणि धावत सुटल्या.
दमून गेलेलं मूलही सावकाश श्वास घेतं
हे पुस्तकात होतं.
त्या पानावर माझी खूणसुद्धा होती.

त्याच्या आईनं निघताना
चादरीची नीट घडी घातली,
चादर हॉस्पिटलची होती तरी.

परीक्षेत तोच प्रश्न आला.
मला पूर्ण गुण मिळाले.

आता मी दुसऱ्याच एका सोमची डॉक्टर.
सोम म्हणजे तालुका म्हणा,
माणसं कमी, वारा जास्त.
इथली मुदत संपली की पुन्हा शहर;
'बालरोगतज्ज्ञ' ही पाटी लागायला
अजून दोन हिवाळे आहेत.
बाईंनी निरोप देताना शाबासकी दिली नाही,
सेकंदकाट्याचं एक जुनं घड्याळ दिलं.
ते दिवसाला चार मिनिटं मागे पडतं,
पण मिनिट बरोबर मोजतं.

काल रात्री मोटरसायकलवरून एक बाप आला,
लेक देलच्या आत, छातीशी बांधलेली.
कपाळावर काजळीची तीट,
रात्रीच्या वाटेवर दृष्ट लागू नये म्हणून.
मी ती पुसली नाही.
ओठ मिटून आधी नुसतं बघितलं:
नाकपुड्या, गळ्याखालची खळी, ओठांचा रंग.
मग घड्याळ टेबलावर ठेवलं.
सदतीस, अडतीस, एकोणचाळीस,
आणि ती शिंकली,
डोळे उघडून माझ्या बटणांकडे बघत बसली.

"किती?" बापानं विचारलं.
त्याच्या मिशांवरचा बर्फ अजून वितळत होता.
"थांबा," म्हटलं,
"पुन्हा एकपासून."