बेळगुंदीचा बी

उद्यमबागेतल्या पत्र्याच्या शेडमध्ये, लेथच्या मागं,
जिथं जुन्या चलनांचे गठ्ठे असायचे,
तिथं मी एक मशीन मांडलं.
त्याला पडदा नाही. काम झाल्यावर कीबोर्डही काढून घेतला.
रात्री जे येईल ते घ्यायचं, एवढंच त्यानं करायचं.

शिनोळीहून यायचं होतं रोजचं वाचन,
ओतलेल्या पंपाच्या कवचांचं: किती कठीण, कुठं पोकळ.
आजवर यल्लुप्पा आणायचा पेन ड्राईव्हमधून,
जेवणाच्या पिशवीत, चटणीच्या डबीशेजारी.
एकदा तेल सांडलं.
तो आठवडाभर सगळी कवचं आम्ही निर्दोष धरली.

बावीस नंबरचं दार तेवढं उघडं ठेवलं.
पासवर्ड नको म्हटलं, पासवर्ड माणसं भिंतीवर चिकटवतात.
ज्याची किल्ली त्यानंच घडवायची, जवळ ठेवायची,
कुलूप तेवढं माझ्याकडं धाडायचं.
पाठवणाऱ्याला एकच खोली.
शेजारी कोण उतरलंय ते त्याला दिसायचं नाही.

पहिल्यांदा जोडताना पलीकडचा पडदा विचारतो:
हा यजमान ओळखीचा नाही, विश्वास ठेवायचा?
सगळे न वाचता हो म्हणतात.
ईरण्णा म्हणाला, "थांबा अक्का,
मी फोन करतो. ठसा वाचून दाखवा."

तो हुक्केरीचा कानडी, नोकरीला महाराष्ट्रात.
मी तुरमुरीची मराठी, पगार कर्नाटकात.
रोज सकाळी बाचीच्या आसपास
आमच्या गाड्या एकमेकींना ओलांडत असणार.

"के?"
"कडोली."
"यू?"
"उचगाव. मोठा यू हं."
"एच म्हणजे हिंडलगा."
"हलगा म्हणा मा, हिंडलग्याला जेल आहे."
"वाय?"
"येळ्ळूर."
त्रेचाळीस अक्षरं,
आणि आम्ही एकाच बसमधून थांबे मोजत चाललेलो.
मग आला बी.
"बी म्हणजे," मी म्हटलं, "बेळ..."
आणि अडले. पुढं गाव म्हणू की गावी?
त्याच्या बाजूला भट्टीचा पंखा घरघरत होता.
"गुंदी," ईरण्णा म्हणाला.
"बेळगुंदी, अक्का. पुढचं अक्षर?"

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी पहिली फाईल आली.
शून्य बाईट.
नाव ठीक, तारीख ठीक, आत काही नाही,
आहेरातलं एखादं पाकीट निघतं तशी.
दुसरी अर्ध्यावर तुटली.
तेव्हा ठरलं: पूर्ण पोचल्याशिवाय बारसं नाही,
तोवर तिनं बिननावाची पडून राहायचं.
तिसरीची बेरीज शेवटच्या अंकापर्यंत जुळली.
"बंतेनरी?" फोनवर तो.
"बंतु," मी म्हटलं,
आणि तो माझ्या उच्चाराला हसला.

गुरुवारी एक फाईल तपासणीनं परत केली.
शेवटचा रकाना, 'शेरा', आजवर कोरा असायचा.
त्यात प्रश्नचिन्हांची रांग,
एकतीस प्रश्नचिन्हं, मध्ये मोकळ्या जागा,
म्हणजे शब्दच होते ते.
माझ्या मशीनला कानडी येत नव्हतं.
मराठीही येत नव्हतं, ते मी त्याच रात्री पाहिलं.

दुपारपर्यंत दोन्ही शिकवलं.
पुन्हा मागवली फाईल, आणि अक्षरं गोल गोल उमटली.
बसच्या पाट्यांवर शिकलेलं कानडी माझं,
बोट ठेवून, एकेक काना सोडवत वाचलं:
यल्लुप्पाला साच्यावर घातलं होतं.
हात भाजला. हे वाचन दोनदा घ्या.

पेन ड्राईव्ह बंद झाल्यावर यल्लुप्पा कुठं गेला
हे मी विचारलंच नव्हतं.

तपासणीतली ओळ काढली,
इथे फक्त आकडे, असं सांगणारी.
रकाना रुंद केला, दोनशे पंचावन्न अक्षरांचा,
आणि त्या एका कवचाचं वाचन
दोनदा घेतलं.