पुन्हा घडत नाही

चाळीस फुटी एक कंटेनर
बंदरात एकाच वेळी दोन जागी उभा दिसतो.
खरोखरीचा नाही, आमच्या पडद्यावरचा.
महिन्यातून तीनदा, चारदा,
बहुतेक पहाटे.
मी बघायला बसले की नाही.

लॉग वाढवले, तर गायबच झाला.
पाहुण्यांसमोर मांडी घालून बसणारं पोर,
दार लागलं रे लागलं
की फुलदाणी खाली.
सतरा दिवस झाले.
रोवेना म्हणाली, बंद करून टाक ही तक्रार,
कारण लिही : पुन्हा घडत नाही.
लिहिलं.
मग खोडलं.

बू राशिद, आमचा क्रेनवाल्यांचा मुकादम,
माझ्या टेबलावर थाप मारून गेला होता,
"मॅडम, कंटेनर दो, क्रेन एक. क्या करेगा?"
त्यानंच गुरुवारी बोलावलं, मुहर्रकला, दारमध्ये.
त्यांच्यात दार म्हणजे घर.
मला वाटलेलं, उंबऱ्यापर्यंतच बोलावतोय.

ऑगस्ट. हवा न पिळलेल्या टॉवेलसारखी.
डफांची कातडी उतरली होती.
दोन पोरं शेगडीवर धरून ती शेकत होती,
भाकरी शेकावी तशी, बोटं वाचवत.
कुणी घड्याळ बघेना.
बू राशिदच्या मांडीशी मातीचं मडकं,
तोंडावर तळवा, पोटावर बोटं,
आणि टेबलावरची ती थाप
इथं केवढी मऊ.

मोत्यांच्या होड्यांवरची गाणी.
एकजण उंच चढला,
बाकीच्यांनी छातीच्या तळातून
एक घुमारा धरला, जाड, खारट,
आणि मला एकदम मिरज.

आमच्या खाली बाबालाल चाचांचं दुकान.
तंबोऱ्याच्या घोडीवर कानस, एकदाच,
मग तार, मग तारेखाली सूत,
केसभर पुढं, अर्धा केस मागं,
आणि कान लावून बसणं.
सूर तर लागलाय की चाचा, मी म्हणायचे.
"लागलाय. बोलत न्हाई आजून."
चूक कुठाय मग?
"चूक न्हाई गं. तार जरा जास्त टेकतीया."

तिसऱ्या गाण्यात एका पोराची टाळी आधी पडली.
लगेच खरी टाळी.
एकाच जागी दोन उभ्या,
माझ्या कंटेनरसारख्या.
गाणाऱ्यानं कुणाकडं पाहिलं नाही,
सूर ताणून धरला फक्त,
जरा जास्तच,
तेवढ्यात एक टाळी बसली खाली,
एक राहिली.
मडकं पुढं निघालं.
पोराचे कान लाल.

घरी येऊन फोनवर ऐकलं.
फोननं सगळं स्वच्छ केलेलं.
शेगडीची तडतड नाही, ती टाळी नाही,
तो घुमारासुद्धा नाही.
फोनला तो गोंगाट वाटला.
बराच वेळ बसून राहिले मग,
एसीच्या आवाजात.

रविवारी पहाटे
लॉग काढून टाकले आणि धक्क्यावर जाऊन उभी राहिले.
वही नाही, लॅपटॉप नाही.
पावणेपाचला पाळी बदलते.
जाणारा केबिनमधून उतरता उतरता बटण दाबतो,
झालं म्हणून.
चढणारा बसल्या बसल्या दाबतो,
झालं का बघायला.
दोघं शिडीवर भेटतात,
हातात हात, सलाम, मुलं कशी आहेत,
कंटेनर तोवर दोन झालेला असतो.

एवढंच.
मी लॉग वाढवायचे तेव्हा यंत्र जरा जड व्हायचं,
जरा थांबायचं,
आणि त्या थांबण्यात सगळं निस्तरायचं.

मीही एक छोटं थांबणं घातलंय आत.
कॉलेजात असं केलं असतं तर गुण कापले असते,
नीट कुलूप पुढच्या आठवड्यात घालीन.
कारणाच्या रकान्यात लिहिलं : जास्त टेकत होतं.
रोवेनानं विचारलं, काय?
काय सांगणार, चाचांचं दुकान आता मोबाइलच्या कव्हरांचं आहे.

आज एकोणतीस तारीख.
कंटेनर अजून तरी एकच.
बू राशिदला त्या रात्रीची फाइल पाठवली,
हे तुमचं गाणं म्हणून.
त्याचं उत्तर आलं :
"ये हम नहीं है."